अवघड काकांचं वाक्य

बाईंच्या वर्गात एकच कडक नियम होता: न समजता मान हलवायची नाही. "नंदीबैल दाराबाहेर बांधून या," असं त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत. आता ज्या माणसाला इथल्या भाषेत 'पाणी' आणि 'केवढ्याला' याच्यापुढे काही येत नाही, त्याला नंदीबैल कुठून कळणार? तो बिचारा आणखी जोरात मान हलवायचा. मग बाई कपाळावर हात मारून घेत आणि शिकवायला लागत.

वर्ग भरायचा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, खुर्च्या आणि बाकं कुठल्याशा शाळेने काढून टाकलेली, आणि खिडकीखाली बसचा डेपो. येणारी सगळी कर्ती माणसं, पोटासाठी दूरच्या मुलखांतून आलेली. दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी झोप आवरत नवी भाषा शिकायची, म्हणजे काही खायचं काम नाही. त्यात एक धिप्पाड बेकरीवाला होता, त्याच्या कोपराला कायम पीठ लागलेलं. पाळणाघरात मुलं सांभाळणारी एक होती, तिला सगळे ताई म्हणत, अगदी बाईसुद्धा. या दोघांना लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याशी काम आहे.

बाई शिकवायच्या मात्र झकास. एकेक शब्द असा उच्चारायच्या की जणू धुऊन, पुसून, वाळवून पुढ्यात ठेवलाय. वर्गात सगळ्यांना सगळं समजायचं. बाईंना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? उभी हयात त्यात गेली होती. पण एका संध्याकाळी बेकरीवाला हाताला पट्टी बांधून आला आणि खुर्चीत धपकन बसला. बाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की गडी भाजलेला हात घेऊन दवाखान्यात गेला होता. तिथल्या नोंदणीच्या खिडकीतली बाई काहीतरी बोलली, याला अक्षर समजलं नाही, याने मान हलवली आणि दिवसभर भलत्याच रांगेत बसून राहिला. रांग कसली, तर डोळे तपासायची.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही शिकवता ती भाषा छान आहे. पण ती फक्त तुम्ही बोलता. बाहेर कुणीच बोलत नाही."

बाईंच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! घरी जाऊन भांडी आदळली, दिव्याला नावं ठेवली, उशीला बुक्के मारले. पण सकाळी बसथांब्यावर उभ्या असताना त्यांनी सहज कान दिला, आणि त्या चपापल्याच. खरंच की! एकही माणूस शब्द पुरता बोलत नव्हता. कुणी अर्धा गिळतोय, कुणी घास तोंडात ठेवून बोलतोय, कुणी पाठ फिरवून, कुणी दुसऱ्याच्या बोलण्यावर आपलं बोलणं रेटतोय. आपण या माणसांना पोहायला शिकवलं ते बादलीत, असं बाईंना वाटलं आणि मनापासून लाज वाटली.

त्या दिवसापासून बाई फोन पुढे धरून गावभर आवाज गोळा करत फिरू लागल्या. बसचा कंडक्टर, बँकेचा रखवालदार, जिन्यात भांडणाऱ्या दोन शेजारणी. भाजीवाल्याला वाटलं ही कर खात्याकडून आलीय, त्याने तोंडाला कुलूपच लावलं. त्याला समजावता समजावता बाईंच्या नाकी नऊ आले. पण वर्गाचा रंग पालटला. पूर्वी बाई डेपोकडची खिडकी लावून घ्यायच्या, आता सताड उघडायच्या. "बाहेर काय तुमच्यासाठी बसगाड्या थांबणार आहेत? गोंगाटातच ऐकायला शिका."

आवाज पहिल्यांदा लावला की पेन खाली ठेवायचं आणि फक्त तीन गोष्टी सांगायच्या. कोण बोलतंय? कुणाशी? चिडून की लाडात? शब्द नाही समजला तरी चालेल. "लाड आणि राग समजायला शब्दकोश लागत नाही," असं बाई म्हणत. दुसऱ्यांदा लावला की माणसाला हवंय काय ते शोधायचं. शब्दांची पाळी सगळ्यात शेवटी. आणि बाईंची खास युक्ती म्हणजे वाक्य मध्येच तोडायचं. आवाज थांबवून त्या भुवया उंचावून विचारत, "पुढे काय येणार? अंदाज बांधा! ऐकणं म्हणजे निम्मा अंदाजच असतो." वर्ग हळूहळू अंदाजात तरबेज झाला. बाईंना वाटायचं, अंदाजात आपला हात धरणारं कुणी नाही. आणि खोटं कशाला बोला, त्याला घरचाच पुरावा होता.

पुरावा म्हणजे बाईंचे यजमान. हे टेलर. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, कोट आणि पँटींची कामं, नेमका हात. पण आयुष्यभर ओठांत टाचण्या धरून काम केलेलं. गिऱ्हाइकाचं माप घेताना तोंडात टाचण्या, बाही शिवताना तोंडात टाचण्या, आणि बोलायचं ते त्यातूनच. आता काम कमी झालं, टाचण्या डबीत गेल्या, तरी ओठ मात्र टाचणी पडेल या भीतीने उघडावेत तेवढेच उघडायचे. बोलणं सगळं दातांच्या मागेच राहायचं. गिऱ्हाइकं म्हणायची, "काका, जरा काकूंना बोलवा हो." फोनवर तर समोरचा 'आवाज येत नाही' म्हणून ठेवूनच द्यायचा. पोटच्या लेकीलासुद्धा त्यांचं निम्मं कळायचं नाही.

कळायचं एकट्या बाईंना. आणि कसं कळायचं! त्यांनी तोंड उघडायचा अवकाश.

"अगं, तो माझा..."

"चष्मा टीव्हीवर आहे."

"अगं, चहात साखर..."

"घालते हो, घालते अजून."

संध्याकाळी बाई पिशवी खांद्याला लावून वर्गाला निघाल्या की ते मशीनवरून मान वर करून म्हणायचे, "अगं, मला एकदा तुझ्या..."

"बहिणीकडे जायचंय, माहितीये मला. सुट्टी लागू दे, जाऊ," असं म्हणत बाई जिना उतरायच्या. बहिणीला भावोजींचा लळा होता, बाईंना वाटायचं यांनाही तिचा असणार. "आमच्या ह्यांचं अर्धं वाक्य मला पुरतं," हे बाई चार लोकांत कौतुकाने सांगत. लोकही म्हणत, जोडा असावा तर असा.

वर्गाला अवघड काहीतरी ऐकवायचं म्हणून एकदा बाईंनी यजमानांपुढेच फोन धरला. कोटाची बाही आखूड कशी करायची ते त्यांनी सांगितलं. वर्गात लावलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. बेकरीवाल्याने हात वर केला. "बाई, ही भाषा कोणती?"

सगळा वर्ग खो खो हसला. तेव्हापासून हा पाठ 'अवघड काका' म्हणून प्रसिद्ध झाला आणि तो शेवटी शेवटी ठेवला जाऊ लागला. ज्याला अवघड काका समजले तो गावात कुठेही अडणार नाही, असं वर्गात पक्कं ठरलं. काकांना हे कळलं तेव्हा ते लाजले. पण पुढच्या वेळी बाई फोन घेऊन आल्या तर हे इस्त्रीचा सदरा घालून बसलेले. आवाजाला सदरा कशाला लागतो? पण त्यांचं बोलणं ऐकायला एवढी माणसं जमतात, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं ना.

या पाठात एक सोय होती. काकांचं वाक्य निम्म्यावर आलं की शेजारून बाईंचा खणखणीत आवाज यायचा आणि वाक्य पुरं व्हायचं. वर्गातली माणसं म्हणायची, उत्तर मागोमाग मिळतं. बाईंनाही ते बरंच वाटायचं.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना बाईंचा खुबा दुखायला लागला. आधी जिना चढताना, मग उतरताना, मग नुसतं बसलं तरी. डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, सांधा बदलायला हवा. ऑपरेशन, मग चालायचा सराव, सगळं मिळून महिनाभर तरी घराबाहेर राहावं लागेल. बाईंनी ऐकून घेतलं, आभार मानले आणि काढता पाय घेतला. पुढच्या तारखेला गेल्याच नाहीत. त्याच्याही पुढच्या तारखेला गेल्या नाहीत.

ऑपरेशनची भीती? छे! बाई अडत होत्या त्या वेगळ्याच गोष्टीवर. मी महिनाभर नसले तर ह्यांचं कोण ऐकणार? लेक लांबच्या शहरात. तिने मागे एकदा बाबांना आठवडाभर नेलं होतं. गुणाची पोर, जीव टाकते बापावर. पण बाबा काही बोलले की ती विचारायची, "काय बाबा?" पुन्हा बोलले की, "काय म्हणालात?" तिसऱ्यांदा 'काय?' आलं की ते म्हणायचे, "जाऊ दे." आठवडाभराने परत आले ते वाळलेले आणि गप्प. बाईंनी तेव्हाच मनाशी गाठ बांधली होती की या माणसाला आपल्याशिवाय कुठे ठेवायचं नाही. माणूस जिताजागता घरात असून मुका होतो, हे त्यांना बघवलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी वाचनालयाच्या जिन्यात पाय दगा देऊन गेला. मागून बेकरीवाला येत होता म्हणून निभावलं. त्याने बाईंना पिठाच्या पोत्यासारखं उचलून वर आणून बसवलं. बाई रागावल्या, मग कळवळल्या, आणि मग, काय झालं कोण जाणे, भडाभडा सगळं बोलून गेल्या. खुबा, डॉक्टर, चुकवलेल्या तारखा आणि घरचा अवघड पाठ.

वर्ग ऐकत होता. कुणी मान हलवली नाही. सगळ्यांना सगळं समजलं होतं.

ताई म्हणाली, "आम्ही ऐकू की काकांचं."

"तुम्ही?" बाईंना हसूच आलं. "तुम्हाला तीन तीनदा लावून दाखवावं लागतं!"

"मग काका तीनदा बोलतील. पाळणाघरातली मुलं काय पहिल्या झटक्यात नीट बोलतात? आम्ही समोर बसतो. वाट बघतो. कधीतरी येतंच."

बाईंना हे पटलं असं नाही. पण खुबा ऐकेना. घरी जाऊन त्यांनी यजमानांना विचारलं, "अहो, ऑपरेशन करून घेते म्हणते. वर्गातली माणसं आळीपाळीने येऊन बसतील तुमच्यापाशी. बेकरीवाला सकाळचं काम आटोपून येईल, ताई दुपारी."

"मला तर..."

"चालेल ना? चालेलच. माणसं चांगली आहेत," असं म्हणून बाई बॅग भरायला गेल्या.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण जीव घरी अडकलेला. शुद्ध नीट येते न येते तोच फोन लावला, तर पलीकडून फक्त "हं". अजून दोनदा "हं", आणि संपलं. झालं, बसला माणूस गप्प, असं म्हणून बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

भेटीच्या वेळेला बेकरीवाला आला. हातात पाव, अंगावर धुतलेला शर्ट. खुर्चीत ताठ बसला आणि वर्गात उत्तर द्यावं तसा बोलायला लागला. "कोण बोललं? काका. कुणाशी? माझ्याशी. चिडून की लाडात? चिडून."

"अरे देवा. कशाने चिडले?"

"त्यांना काहीतरी हवं होतं. मी उशी नेली. नाही. मी झाडू नेला. नाही. मग मी मांजर नेलं."

"मांजर? आमच्याकडे कुठलं मांजर?"

"शेजाऱ्यांचं. दारात बसलं होतं." तो अपराधी चेहऱ्याने म्हणाला, "कात्री हवी होती."

बाई इतक्या हसल्या की टाके दुखले. "मग ते 'जाऊ दे' म्हणाले असतील."

"म्हणाले. पण मला 'जाऊ दे' समजत नाही असं मी दाखवलं. बसूनच राहिलो. मग ते परत बोलले. मग मांजराकडे बघून हसले."

दुसऱ्या दिवशी ताई आली. मग पुन्हा बेकरीवाला. रोज कुणी ना कुणी यायचं, तीन उत्तरं द्यायचं आणि हळूहळू ती उत्तरं लांबायला लागली. 'चिडून' गेलं, 'लाडात' आलं. ताई सांगायची, "काकांनी आज त्यांच्या पहिल्या कोटाची गोष्ट सांगितली."

"माहितीये मला. फसला होता तो कोट."

"हो, पण कसा फसला? दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लागल्या! काका जिथे काम शिकत होते त्या दुकानाच्या मालकाने तोच कोट त्यांच्या अंगात घालून त्यांना दिवसभर दारात उभं केलं. समोरच्या घरातली एक मुलगी गॅलरीत येऊन पोट धरून हसत होती. तिला आणखी हसवायचं म्हणून काकांनी मुद्दाम दोन्ही हात वाकडे करून दाखवले. संध्याकाळपर्यंत." ताई थांबली. "ती मुलगी तुम्ही होता म्हणे."

 तो हसण्याचा दिवस बाईंना लख्ख आठवत होता. पण तो पोरगा मुद्दाम हात वाकडे करत होता हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं कसं? "मी पहिला कोट..." एवढं त्यांनी किती वेळा ऐकलं होतं. आणि प्रत्येक वेळी "फसला, माहितीये" म्हणून टाकलं होतं.

"आणि बाई," ताई जरा चाचरत म्हणाली, "काकांना साखर कमी लागते."

"काय?"

"चहात. कमी. त्यांना गोड सोसत नाही. ते म्हणाले, कधीपासून सांगतोय."

घालते हो, घालते अजून. बाईंच्या कानात त्यांचाच आवाज घुमला. इतकी वर्षं त्या माणसाने रोज पाक प्यायला, आणि तोंडातून ब्र नाही काढला. ब्र काढला होता की. वाक्य सुरू केलं होतं, रोज. संपवू कुणी दिलं?

ताई गेल्यावर बाईंनी फोनमधला 'अवघड काका' काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः विद्यार्थ्यासारखा ऐकला. पेन खाली, फक्त कान. दातांमागून एक आवाज सुरू होत होता, भिडस्त, जरासा आनंदलेला. आणि निम्म्यावर एक खणखणीत आवाज येऊन त्याला बाजूला सारत होता. पुन्हा तो सुरू व्हायचा, पुन्हा हा यायचा. एक वाक्य, एकसुद्धा वाक्य त्या माणसाचं स्वतःचं पुरं झालं नव्हतं. बाईंना रडू कोसळलं. आपल्याशिवाय याचं कोण ऐकणार म्हणून जिवाला घोर लावून घेतला, आणि ऐकलं नाही ते नेमकं आपणच, हे त्यांना त्या खाटेवर कळलं. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी विचारलं, "दुखतंय का गं फार?" बाई म्हणाल्या, "हो."

घरी जायच्या आदल्या दिवशी बेकरीवाला आला. पाव ठेवला, तीन उत्तरं दिली, पण उठेना.

"एक वाक्य राहिलंय बाई. ते मी सांगणार नाही."

"का रे बाबा? समजलं नाही का?"

"समजलं. पहिल्याच वेळी समजलं." त्याने पिठाळ कोपर खाजवलं. "पण ते तुमचं आहे. काका तुम्हालाच सांगतील. फक्त तुम्ही अंदाज बांधू नका."

बाईंना विद्यार्थ्याने असं सांगावं! पण बाई रागावल्या नाहीत. त्या मान हलवणार होत्या, तेवढ्यात नियम आठवला, म्हणून म्हणाल्या, "नाही बांधणार."

घरी आल्या तेव्हा दार उघडंच होतं. काका मशीनवर बसले होते, अंगात इस्त्रीचा सदरा. बाईंना काठी टेकत येताना बघून ते उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.  बाईंनी हट्टाने स्वतःच चहा टाकला. साखरेचा डबा उघडला, चमच्याने कणभर साखर घातली आणि डबा लावून टाकला. काकांनी एक घोट घेतला. कपात बघितलं. बाईंकडे बघितलं. परत एक घोट घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. चहा पिताना रडणारा माणूस बाईंनी पहिल्यांदाच बघितला.

मग त्यांनी कप ठेवला.

"अगं, मला एकदा तुझ्या..."

बाईंचं तोंड सवयीने उघडलं. 'बहिणीकडे' अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं, ओठ मिटले आणि दोन्ही हातांनी काठी घट्ट धरली. काका थांबले होते. वाक्याचा पुढचा भाग आता हिच्याकडून येणार, म्हणून सवयीने वाट बघत होते. आला नाही. खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. काकांनी गोंधळून बाईंकडे बघितलं. बाई नुसत्या बघत राहिल्या. असं गप्प बसणं किती अवघड असतं, हे त्यांना शिकवायला कधी सुचलंच नव्हतं.

"तुझ्या वर्गात बसायचंय," काका म्हणाले. ओठ टाचणीएवढेच उघडले, पण वाक्य निघालं. आणि निघालं तसं निघतच राहिलं. "मागच्या बाकावर. काही विचारणार नाही, काही नाही. तू शिकवतेस कशी ते ऐकायचंय. येणारा जाणारा म्हणतो, बाई काय बोलतात, बाई काय बोलतात. मी खालून जिन्यापर्यंत येऊन दोनदा परत गेलोय. खिडकी उघडी असते, पण बस सुरू झाली की ऐकू येत नाही."

बाईंना आठवलं, या वाक्यापायी आपण दोनदा बहिणीकडे जाऊन आलोय. दोन्ही वेळा हा माणूस गुमान बॅग उचलून मागे आला होता. त्या हसायला गेल्या आणि रडायला लागल्या. "अहो, मग बोलायचं नाही का!" असं ओठांवर आलं, तेही त्यांनी गिळलं. बोलले होते ना ते. रोज संध्याकाळी बोलले होते.

"या," बाई म्हणाल्या. "सोमवारी या."

सोमवारी काका आले. बेकरीवाल्याने त्यांना मागच्या बाकावर नेऊन बसवलं, ताईने पाणी आणून ठेवलं. वर्गात कुजबुज झाली: हेच ते, अवघड काका! जणू कुणी बडी असामी आलीय. काकांनी सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या आणि हात मांडीवर ठेवून पोरासारखे समोर बघत बसले.

आणि बाईंची मात्र त्रेधा उडाली. इतक्या वर्षांची मुरलेली शिक्षिका, पण खडू दोनदा पडला, फोन लागेना, एका वाक्याला अडखळल्या. मग हळूहळू रुळल्या. नवी शिकायला आलेली एक मुलगी उभी राहून काहीतरी सांगू बघत होती, शब्द सापडत नव्हता, चेहरा लाल झाला होता. बाई तिच्याकडे बघत थांबल्या. खूप वेळ थांबल्या, भुवई न उचलता. मग मऊ आवाजात म्हणाल्या, "सावकाश. आम्ही आहोत इथे." मुलीला शब्द सापडला. मागच्या बाकावर काका जरा पुढे सरकून बसले होते.

वर्ग संपताना बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

मागच्या बाकावरून एक हात वर झाला. काही विचारणार नाही म्हणाले होते!  काका उभे राहिले आणि दातांमागून, टाचण्यांच्या फटीतून बोलायला लागले. डेपोतून एक बस घुरघुरत निघाली, तरी कुणी खिडकी लावली नाही. सगळा वर्ग कान देऊन थांबला, बाईही थांबल्या, आणि मध्ये कुणीही काहीही बोललं नाही.

"बाई," काका म्हणाले, बाकीचे म्हणतात तसंच, "हा तुमचा आवाज मी घरी कधी ऐकला नाही. जाताना तो घरी घेऊन याल का?"

वर्गात कुणाला पुन्हा ऐकायची गरज पडली नाही. ताईने ओढणी तोंडाला लावली.  बाईंनी नुसती मान हलवली, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा.

बेकरीवाल्याने हात वर केला. "बाई, नियम आहे. नुसती मान चालत नाही."

सगळे हसले. काका उभेच होते, वाट बघत. बाईंनी डोळे पुसले, काठी सावरली आणि धुतलेल्या, पुसलेल्या शब्दांत, मागच्या बाकापर्यंत पोचेल असं म्हणाल्या, "हो. घेऊन येईन."